भावाला घाम येत नसे

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा होता. आयटीआयला शिकत असताना, विशीच्या आतच, त्याचं मन बिघडलं. आजाराचं नाव डॉक्टरांच्या कागदावर इंग्रजीत असायचं. आमच्या घरात मात्र "मन बिघडलं" एवढंच म्हटलं जायचं. तेव्हापासून पन्नाशी उलटेपर्यंत तो रोज गोळ्या घेत होता. गोळ्यांनी त्याचा आरडाओरडा थांबला, झोप लागू लागली. चालणं जरा जड झालं आणि बोलणं कमी झालं. लग्न झालं नाही. नोकरीही कुठे टिकली नाही. त्याचा कुणाला त्रास मात्र कधीच नव्हता.

मी नंदुरबारात घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, घागरे, लग्नाची कामं. सासरहून परत आले तेव्हा चोवीस वर्षांची होते. बाबा आधीच गेले होते, घरात आम्ही तिघंच होतो. आई, भाऊ आणि मी. पुढची खोली माझी, शिवणाची. मागची खोली आईची आणि भावाची, शहाबादी फरशीची, उत्तरेला एक बारीक खिडकी असलेली. जिन्याने वर गेलं की गच्चीवर एक पत्र्याची खोली होती. तिच्यात जुन्या गाद्या, ट्रंका आणि बाबांची सायकल पडलेली असायची.

भाऊ सकाळी दहाच्या सुमारास घरातून निघायचा आणि स्टेशनपर्यंत चालत जायचा. पुलाच्या अलीकडे उभा राहून मालगाडीचे डबे मोजायचा. सुरतेकडून येणारी गाडी एक आणि भुसावळकडून येणारी एक, अशा दोन गाड्या तरी झाल्याशिवाय परत फिरायचा नाही. घरी आला की दारातच सांगायचा, "आज अठ्ठावन." मी मशीनवरून मान न उचलता "हां" म्हणायची. आई मात्र विचारायची, "कोळसाना व्हतात का खाली व्हतात?" मग तो कोळशाचे किती, रिकामे किती, सविस्तर सांगत बसायचा.

बारा महिने तो अंगात स्वेटर घालायचा. तपकिरी, कोपरावर विरलेला. मी त्याच्यासाठी पातळ सुती शर्ट शिवायची, तो आनंदाने घालायचा आणि वरून स्वेटर चढवायचा. वैशाखात रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असे, तेव्हाही.

"भाऊ, काढ ना तो स्वेटर. लोक हासतस."

"माले थंडी वाजस."

त्याला खरंच थंडी वाजत होती की नाही, मला माहीत नाही. एक गोष्ट मात्र मी अनेकदा पाहिली होती आणि तिच्यावर कधी विचार केला नव्हता. आम्ही सगळे घामाने निथळत असू तेव्हा त्याचं कपाळ कोरडं असायचं. आई एकदा म्हणाली होती, "त्याले घाम येत नही." मी म्हटलं होतं, "बरं शे, कपडा कमी खराब व्हतस." तेव्हा दोघी हसलो होतो.

उन्हाळ्यात आई त्याला दुपारी बाहेर जाऊ देत नसे. चैत्र लागला की ती त्याचं फिरणं सकाळी सातला आणायची आणि नऊच्या आत त्याला घरी घेऊन यायची, कधी स्वतः स्टेशनपर्यंत जाऊन. मग मागच्या खोलीत फरशीवर पाणी मारायची, आपलं जुनं सुती लुगडं भिजवून पिळायची आणि त्याच्या अंगावर टाकायची. तहान असो नसो, तासातासाला पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्यायची. तो म्हणायचा, "माले तीस नही लागेल." ती म्हणायची, "तीस नही लागनी तरी पे." तो प्यायचा. दुपारभर हेच चालायचं. पन्नाशीचा माणूस आईच्या ओल्या लुगड्याखाली पडलेला बघून मला कसंतरी व्हायचं. मी आईवर चिडायची.

"तू त्याले लहान पोर करी टाकं."

"तुले नही समजस," आई म्हणायची. "त्यानं आंग आपला सारखं नही शे."

मला वाटायचं, आईची माया आहे. वेड्या मुलावर आईची जास्त माया असते, तशी.

आई एका थंडीत गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारपर्यंत संपली. भाऊ रडला नाही. चौथ्या दिवशी तो आपली गादी घेऊन वर पत्र्याच्या खोलीत गेला. मागच्या खोलीत त्याला झोपवेना. मी दोन-तीनदा खाली ये म्हटलं, नंतर म्हणायचं सोडून दिलं.

खरं सांगायचं तर मला ते सोयीचं झालं होतं. ब्लाउजचं माप द्यायला बायका येतात, पोरी येतात. भाऊ मागच्या खोलीतून स्वेटर घालून बाहेर यायचा, मधोमध उभा राहायचा आणि डब्यांचा आकडा सांगायचा. बायका पदर सावरायच्या. कुणी काही बोलत नसे, पण एक-दोघी यायच्या बंद झाल्या होत्या. तो वर गेल्यावर मी मागच्या खोलीत दुसरं मशीन मांडलं आणि कापडांचे गठ्ठे लावले. महिन्याभरात ती खोली पूर्ण माझी झाली. त्याला परत खाली यायचं झालं असतं, तर जागाच उरली नव्हती.

गोळ्या मी चुकवल्या नाहीत. सकाळी एक, रात्री दोन, माझ्या हाताने दिल्या. त्याच्या प्रत्येक शर्टाच्या खिशाच्या आत माझा मोबाइल नंबर दोऱ्याने शिवून ठेवला होता. जेवण वेळेवर द्यायची. आईची जबाबदारी मी नीट पेलते आहे, असं मला वाटत होतं.

तो आईनंतरचा दुसरा उन्हाळा होता. पहिला कसा निघाला, ते मला आठवत नाही. त्यात काही वाईट घडलं नाही, म्हणून आठवत नाही. भावाने एकेक दुपार वर कशी काढली असेल, याचा आता मी विचार करते तेव्हा माझ्याकडे एकही आठवण नसते.

त्या वर्षी वैशाखात लग्नांचे मुहूर्त एकाला एक लागून होते. म्हसावदकडच्या एका घरचं मोठं काम माझ्याकडे होतं. नवरीचे पाच ब्लाउज, करवल्यांचे घागरे. त्या दिवशी संध्याकाळी ते न्यायला येणार होते आणि दोन घागऱ्यांना अजून काठ लावायचा होता. मदतीला शेजारच्या दोन बाया बोलावल्या होत्या. सकाळपासूनच हवा थांबलेली होती. अकराच्या आधी लाइट गेली. मशीन पायाचं होतं म्हणून काम थांबलं नाही, पण पंखा बंद पडला तशी खोली भट्टी झाली. आम्ही तिघी ओले रुमाल मानेवर टाकून बसलो होतो.

भाऊ जिन्यावरून खाली आला. दारात उभा राहिला. अंगात स्वेटर.

"बाई," तो मला म्हणाला. तो मला बाईच म्हणायचा. "माले कसंतरी व्हई ऱ्हायनं."

मी सुईत दोरा ओवत होते. मान वर केली नाही.

"आते नको भाऊ, बाया बठेल शेतस. वर जाय, मी येस."

तो थोडा वेळ उभा राहिला असावा. मग त्याच्या चपलांचा आवाज आला. मला वाटलं, वर गेला. तो बाहेर गेला होता.

मी वर गेलेच नाही. पाऊण तास गेला, एक तास गेला. एका घागऱ्याचा काठ झाला. मग फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

"ताई, तपकिरी स्वेटरवाला भाऊ तुमना शे का?" एक रिक्षावाला बोलत होता. "टेसनना रस्तावर पडेल शे. खिसामा हाऊ नंबर सापडना. लवकर या."

मी चप्पल न घालता धावले. कोपऱ्यावर येईपर्यंत पाय भाजायला लागले, तेव्हा कळलं. एका ओळखीच्या पोरीने स्कूटीवर बसवून नेलं.

स्टेशनच्या रस्त्यावर, बंद दुकानाच्या पायरीशी, डोंगरातली एक बाई रानमेवा विकायला बसते. उन्हाळ्यात तळोद्याहून जीपने येते, टेंभुर्ण, चारोळी, गावठी आंबे घेऊन. निळ्या ताडपत्रीच्या एका तुकड्याची सावली करून बसते. तिला मी येता-जाता पाहिलं होतं, कधी बोलले नव्हते. भाऊ तिच्या ताडपत्रीखाली आडवा होता. तिने त्याचा स्वेटर काढून बाजूला ठेवला होता, शर्टाची बटणं सोडली होती. आपल्या लुगड्याचा पदर भिजवून ती त्याच्या छातीवर, मानेवर फिरवत होती. शेजारी पाच लिटरचा तिचा पाण्याचा कॅन पडला होता, रिकामा. दिवसभर पिण्यासाठी तिने तो भरून आणला असणार.

घरी ती भिली बोलत असेल. माझ्याशी ती जुळवून-जुळवून बोलली.

"इथून जात होता. रोज जातो. मी टेंभुर्ण देते, तो खातो. आज हाक मारली तर वळला नाय. भिंतीला धरून चालत होता. मग पडला." ती पदर परत भिजवायला गेली, कॅनमध्ये पाणी नव्हतं. "सगळं पाणी टाकलं. घाम नाय निघत याला."

मी त्याच्या कपाळाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तापात फणफणलेलं माणूस मी पाहिलेलं आहे. हे तसं नव्हतं. कातडी कोरडी होती, लाल होती. डोळे अर्धे उघडे होते आणि तो काहीतरी पुटपुटत होता. मी कान लावला. तो आकडे म्हणत होता, पण क्रमाने नाही.

रिक्षावाल्याने आणि मी मिळून त्याला रिक्षात घातलं. ती बाईही चढली. दुकान तसंच उघड्यावर सोडून. रस्त्याने तिने एका टपरीवरून पाण्याच्या दोन बाटल्या मागून घेतल्या आणि दवाखान्यापर्यंत ती त्याच्या डोक्यावर थोडं थोडं पाणी ओतत राहिली. मी त्याचे पाय मांडीवर घेऊन बसले होते.

दवाखान्यात त्यांनी वेळ घालवला नाही. ओल्या चादरी, काखेत बर्फ, सलाइन, पंखे. त्याच वॉर्डात त्या दिवशी आणखी तिघं होते. स्लॅबच्या कामावर पडलेला एक मजूर, भट्टीवर भाकरी भाजणारी एक म्हातारी आणि एका पत्र्याच्या चाळीतली गरोदर पोरगी. नर्स एका पलंगावरून दुसऱ्यावर धावत होत्या. तरुण डॉक्टरने मला विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मी नावं सांगितली. मला ती पाठ होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

"उशीर झालाय का?" मी विचारलं.

"ताप खाली आणतोय," तो म्हणाला. "मेंदूवर परिणाम झालाय. बघू या."

डोंगरातली बाई दारापाशी जमिनीवर बसून होती. चारच्या सुमाराला ती उठली. तिची टोपली रस्त्यावर होती. मी तिचा हात धरला आणि मला रडू आलं. ती म्हणाली, "उद्या येते." दुसऱ्या दिवशी ती आलीही. दारातून बघून गेली.

म्हसावदचे लोक घागरे न्यायला आले तेव्हा शेजारच्या बायांनी उरलेला काठ लावून ते देऊन टाकले. मला ते दोन दिवसांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावाने डोळे उघडले. मी पलंगाला टेकून बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण ओळखलं असं वाटलं नाही.

"माय उनी का?" त्याने विचारलं.

"येई ऱ्हायनी," मी म्हटलं.

"तिले सांग, आज गाडी नही उनी."

"सांगस, भाऊ."

त्यानंतर तो बोलला नाही. लघवी बंद झाली, मग श्वास बदलला. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आधी तो गेला. आई त्याला स्टेशनवरून घरी आणायची ती ही वेळ, असं तेव्हा मनात आलं आणि मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले.

अग्नी मी दिला. चुलत भावांनी आधी कुरकुर केली, मग गप्प बसले. अस्थी प्रकाशा गावच्या घाटावर तापीत सोडल्या. नदीचं पाणी त्या दिवसांत पार आत गेलेलं असतं. घाटाच्या पायऱ्या उतरून आणखी बरंच चालावं लागतं. माझ्याबरोबर आलेला चुलत भाऊ सावलीत थांबला. मी एकटी पुढे गेले.

तेरावा झाल्यावर मी त्या रानमेवावालीकडे गेले. तिने मला लांबूनच ओळखलं. "भाऊ कसा?" तिने विचारलं. मी मान हलवली. ती काही वेळ टोपलीतल्या टेंभुर्णांवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, "आमच्याकडे माझा दीर असाच होता. वर, पहाडात. तिथे झाडं आहेत. इथे काय आहे." आणि मला बसायला ताडपत्रीखाली जागा करून दिली. आम्ही दोघी बसलो. समोरून रस्ता वाफाळत होता. तिचे ओठ फुटलेले होते. मी विचारलं, "तू दिवसभर इथेच?" ती म्हणाली, "कुठे जाऊ?" दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी तिच्याकडे एक भरलेला माठ ठेवायला लागले. ती डोंगरात परत जाईपर्यंत ठेवला.

भावाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या. मनाच्या आजाराचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा बाहेरगावाहून येऊन एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत बसतात. बावीस-तेवीस वर्षं भावाला तेच बघत होते. पट्ट्या पिशवीत घालून मी त्यांना सांगायला गेले. ते ऐकताच त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"वर पत्र्याच्या खोलीत होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दुपारी बाहेर जायचा?"

"हो."

त्यांनी माझ्या हातातल्या पट्ट्या उलटून पाहिल्या. मग म्हणाले, "या गोळ्यांनी घाम कमी होतो, बाई. तहान कळत नाही. अंग तापलं तरी माणसाला समजत नाही. मी तुमच्या आईंना दर उन्हाळ्यात सांगायचो. ओलं कापड, पाणी, दुपारी घरात. त्या म्हणायच्या, करते साहेब, सगळं करते."

मी खुर्चीत बसले होते. मला आईचं ते ओलं लुगडं दिसत होतं आणि मी तिच्यावर चिडून बोललेलं एक एक वाक्य ऐकू येत होतं.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"आई गेल्यावर तुम्ही गोळ्या दुकानातूनच नेत होतात. तुम्ही भेटायला हवं होतं. मीही निरोप धाडायला हवा होता." हे ते हळू आवाजात म्हणाले.

त्यांच्यावर मी रागावले नाही. आई मला सांगत होतीच. त्याचं अंग आपल्यासारखं नाही, हे तिने किती वेळा सांगितलं. मी ते ऐकलं, पण त्याचा अर्थ मी माया असा लावला. ती औषधाच्या बरोबरीची गोष्ट करत होती आणि मला वाटत होतं, लाड चालले आहेत.

बाहेर बाकावर आठ-दहा माणसं बसली होती. मीही थोडं बसले. शेजारी एक म्हातारा होता, बरोबर तिशीची मुलगी. ती भिंतीकडे बघून हसत होती. त्याच्या हातात भावाच्या गोळ्यांसारखीच पट्टी होती. मी विचारलं, कुठून आलात. शहरातच राहायचे, रेल्वेच्या पलीकडे.

मी त्याला सांगितलं. भावाचं नाही सांगितलं, गोळ्यांचं सांगितलं. म्हातारा घाबरला.

"मंग गोया बंद करू का, बाई?"

"नही, नही. गोया बंद करू नका. डॉक्टरले विचारा. पन दुपारले तिले बाहेर जाऊ देऊ नका. ओलं कपडं टाका आंगवर. तीस नही लागनी तरी पानी पाजा."

"घर पत्रानं शे," तो म्हणाला. "आम्ही दोन्ही तठेच ऱ्हातस. दुपारले तिले कोठे बसाडू?"

मी म्हटलं, जवळ एखादं देऊळ आहे का, झाड आहे का. तो विचार करायला लागला. म्हणाला, एक मशीद आहे, तिच्या ओट्यावर सावली असते, पण तिथे बाईमाणसाला बसू देतील की नाही माहीत नाही, विचारून बघतो. मग तो बोटांवर मोजत माझे शब्द घोकायला लागला. ओलं कपडं. पानी. दुपारले पत्राना घरमा नही. मुलीने त्याच्याकडे वळून पाहिलं आणि तीही त्याच्याबरोबर म्हणायला लागली, "पानी, पानी."

आतून त्यांचा नंबर पुकारला. म्हातारा उठला, मुलीचा हात धरून आत गेला. मी पट्ट्या पिशवीत परत ठेवल्या आणि बाकावर बसून राहिले. मागच्या खोलीची फरशी दुपारी त्या मुलीला मोकळी करायची तर मशीन हलवायला दोन माणसं लागतील, कुणाला बोलवावं, एवढंच डोक्यात येत होतं.